वाचनाचं पॅकेज बंद केलं, बरं झालं

संपादक महोदय,
मुलगी आठ वर्षांची, तिला घरीच शिकवतो. गेल्या वर्षी एका ऑनलाइन कंपनीचा वाचन प्रोग्राम घेतला, पैसे बरेच गेले, पण प्रत्येक पानाखाली पाच प्रश्न, मग पोरगी गोष्ट सोडून उत्तरंच हुडकत बसायची. केला बंद. आता पंधरवड्याने डिचोलीहून बस पकडून पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जातो (१८३२ सालचं आहे हो!), पुस्तक तिनेच निवडायचं, मी गप्प. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक नेटवर फुकट मिळतात, त्यातलं कोडं सोडवताना परवा ताटलीतली पेज थंडगार झाली. वयाप्रमाणे मराठी पुस्तकांची यादी तुमच्या रविवारच्या पुरवणीत छापाल का?
– एक पालक, डिचोली