एसी बसला, अर्थिंग कोणी पाहायचे?

संपादक महोदय,

एप्रिलमध्ये आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरात दीड टनाचा एसी बसवला. मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि कौलांखालची आमची मधली खोली दुपारी भट्टीसारखी तापते. दुकानातून दोन मुलगे आले. जांभ्याच्या भिंतीला भोक पाडून त्यांनी पाइप बाहेर काढला आणि मागीलदारी लोखंडी स्टँडवर बाहेरचे युनिट टांगले. एसीचा जाड पिनांचा प्लग आमच्या सॉकेटात जाईना, म्हणून १६ अँपिअरचे नवे सॉकेट लावले. त्याच्या मागची वायर मात्र जुनीच, दिव्या-पंख्याची. अर्थिंगचे, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या वायरचे, विचारले तर उत्तर मिळाले, "माई, कांय जावचें ना." (काही होणार नाही.)

जूनच्या पहिल्या पावसात मुलगी दुपटी काढायला मागे गेली आणि तिचा ओला हात त्या स्टँडला लागला. ती किंचाळून मागे पडली. पायात रबरी स्लिपर होत्या म्हणून निभावले. बाळ तेव्हा आत माझ्या मांडीवर होते.

शेजारी वीज खात्यातून निवृत्त झालेले वायरमन राहतात. त्यांनी उघडून दाखवले: स्टँडच्या धारेवर घासून वायरचे आवरण फाटले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. सॉकेटातले अर्थचे टर्मिनल रिकामे होते. एवढ्या महागाच्या यंत्राला चार हात हिरवी वायर मिळू नये, याचा मला आजही संताप येतो.

एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, असून असे कसे झाले, हे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते इतरांसाठी लिहिते. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. आमचा २० अँपिअरचा आहे. अंगातून एका अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय बंद पडू शकते, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थिंग चांगले असते तर तार पत्र्याला लागताच मोठा प्रवाह जमिनीत जाऊन एमसीबी पडला असता. पण आपल्या जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात माती सुकली की अर्थिंगही कमजोर होते. म्हणून सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, लागतो. तेवढी गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो.

आता बोर्डापासून एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढली आहे. आरसीसीबी बसवला आहे. केळीजवळ कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डाही केला, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे.

दुकानदाराशी बोलले. तो म्हणतो, आमचे काम यंत्र टांगण्याचे, घरची वायरिंग तुमची. म्हणजे भिंतीतल्या विजेला मधे कोणी वालीच नाही! माझी मागणी साधी आहे. एसी बसवल्याच्या पावतीवर वायरची जाडी, अर्थिंग तपासले की नाही आणि आरसीसीबी आहे की नाही, हे लिहून बसवणाऱ्याने सही करावी. अर्थिंग नसेल तर त्याने यंत्र सुरू न करता परत जावे. वीज खात्याने दुकानांना हे बंधनकारक करावे.

आमच्या वाड्यावर यंदा आणखी चार एसी बसले. दोन घरांत मी त्या वायरमन काकांना घेऊन गेले. एका घरात अर्थची वायर सॉकेटामागे नुसती गुंडाळून ठेवलेली होती. उरलेली दोन घरे येत्या रविवारी पाहणार आहोत.

- एक निवृत्त शिक्षिका, म्हार्दोळ, फोंडा