सिस्टर काकू, नाव माझं पुकारलं आणि उठलात तुम्ही

काकू, जय भीम.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही उठून चहा ठेवायला जाता. दोनदा तसं झालं. म्हणून लिहितोय, आणि कोणालाही वाचता येईल असं लिहितोय. गल्लीत तुम्हाला सगळे सिस्टर काकू म्हणतात. 34 वर्षं वॉर्डात ड्युटी केलीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासाठी काय केलंत ते मात्र कोणाला ठाऊक नाही आणि तुम्ही ते कधी सांगणारही नाही. त्या दिवसाची आठवण आली की अजून घसा दाटतो. दाटू दे, तसाच लिहितो.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. तेव्हा मी एकटाच एका डॉक्टरांकडे गेलो होतो. नाव घेत नाही. तीन आठवडे रोज रात्री उशीत तोंड खुपसून एकच वाक्य घोकत होतो, की मुलगी म्हणून वाढवलं गेलो तरी मी मुलगा आहे. केबिनमध्ये ते वाक्य जेमतेम अर्धं बाहेर पडलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, बेल वाजवून बाहेरच्या माणसाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर मला पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाले, "घरी लग्नाचं पाहत नाहीत का? लग्न झालं की डोक्यातलं निघून जाईल." मी 23 वर्षांचा होतो, नोकरी करत होतो, फी स्वतःच्या पगारातून भरली होती. तरी संध्याकाळपर्यंत बाबांना फोन गेला. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पेशंटनं सांगितलेलं केबिनबाहेर न्यायचं नसतं, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा मी रडलो. तोवर मला वाटत होतं की चूक माझीच, मी बोललोच कशाला.

त्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही. लग्नाचं ते एक वाक्य ऐकून मी पुढं काय करायला निघालो होतो, ते त्यांना कधी कळणार नाही. नागपूरजवळ वाडीला ज्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवतो, तिथला एक जण जिमला जातो. त्याच्या ओळखीनं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं मिळणार होती. रक्त तपासायचं नाही, डोस कोणी ठरवायचा नाही, बाटलीत खरंच काय आहे तेही कोणाला माहीत नाही. पैसे बाजूला काढून ठेवले होते. काकू, चार दिवस उशीर झाला असता तर मी ती सुई टोचून घेतली असती.

मग ती मे महिन्यातली दुपार. पारा 45 च्या वर. मी ऑफिसातून अर्धी सुटी घेऊन आलो आणि तुमच्याच जिन्यात मला भोवळ आली. ऊन लागलं म्हणून तुम्ही आत नेलंत, कूलरसमोर आडवं केलंत, शर्टाची बटणं सोडलीत, आणि तुमचा हात थांबला. छातीवर दोन क्रेप बँडेज होती, एकावर एक, सकाळी सातपासून आवळलेली. मी डोळे मिटून घेतले. आता ओरडतील, आता आईला हाक मारतील, एवढंच डोक्यात. तुम्ही ओरडला नाहीत. एकेक वेटोळं सोडवलंत, फासळ्यांवरचे वळ पाहिलेत, ओला पंचा ठेवलात आणि म्हणालात, "हे बांधाले कोणी सांगतलं तुले? हे पायाच्या मुरगळीले असते बाप्पा. छातीले बांधलं तर श्वास घ्याले जागा राहत नाही." कशाला बांधलं ते विचारलं नाहीत. दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन नर्स गुंडाळतात तशा घट्ट गुंडाळल्यात आणि माझ्या उशाशी ठेवल्यात.

पन्हं पिऊन झाल्यावर मीच सांगितलं, आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात.

तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग खरं ते बोललात, की ट्रेनिंगमध्ये तुम्हाला हा मनाचा आजार म्हणून शिकवला होता, आणि आता काय म्हणतात ते विचारून सांगते. दुसरं कोणी असतं तर 'मला सगळं समजतं' म्हणालं असतं. तुम्ही खरंच जाऊन आपल्या जुन्या ओळखीच्या डॉक्टर बाईंना विचारून आलात, आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंत: जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलं, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू. खाली रेघ मारलीत. साठीच्या पुढच्या बाईनं आपलं शिकलेलं स्वतःच्या हातानं खोडलं, ते मी समोर बसून पाहिलं. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आमचं लिंग आम्ही ठरवू शकतो असं म्हटलं, तेव्हा मी शाळेत होतो आणि पेपरातली ती बातमी कंपासपेटीत दडवून ठेवली होती. तुमच्या वहीचं ते पान त्या कात्रणाशेजारी ठेवावं असं आहे.

नव्या डॉक्टरांकडे जायची तयारी म्हणून त्या वहीवर आपण पाच रविवार बसलो. तुम्ही टेबलाच्या पलीकडं बसून डॉक्टर व्हायच्या आणि मी पेशंट. पहिल्या रविवारी माझा आवाजच फुटेना. दुसऱ्या रविवारी मी पाठ केलेली गोष्ट सांगू लागलो, लहानपणी बाहुल्या फेकून देत होतो वगैरे, कारण असं सांगितल्याशिवाय डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत असं मी ऐकलं होतं. तुम्ही मध्येच थांबवलंत. "बाहुल्या खरंच फेकल्या का?" मी म्हटलं, नाही, मला आवडायच्या. "मग आवडत होत्या म्हणून सांग. डॉक्टरले कहाणी नाही लागत, खरं लागते."

खरं सांगताना तुम्ही मला गोंजारलं नाहीत, याचेही आभार. आवाज एकदा बदलला की औषध बंद करूनही मागं फिरत नाही. पाळी थांबेल, पण तेवढ्यावरून गर्भ राहणार नाही असं धरून चालायचं नाही. रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा पाहावं लागेल. हे सगळं तुम्ही विचारून आणलंत आणि मला प्रश्नाच्या रूपात लिहायला लावलंत, उत्तर डॉक्टरांकडून घे म्हणून. पुढं कधी मूल हवंसं वाटलं तर, हा प्रश्न तुम्ही काढलात तेव्हा मी चिडून उठलो होतो. तुम्ही म्हणालात, "नको असंन तर नको लिही. पण सुई सुरू व्हायच्या आधी बीज राखून ठेवता येते, हे माहीत असून नको म्हण." आणि सिकलसेल, तो आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार! आपल्या विदर्भात घराघरात ही विचारपूस व्हायला हवी, पण मला कोणी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं, की मोठ्या मामांच्या कार्डावर 'वाहक' लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी नंतर त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणी लिहायला सांगितलं?" मी अभिमानानं सांगितलं, आमच्या सिस्टर काकूंनी.

भाषेचंही सांगायचं आहे. 'आली का, जेवली का' वरून 'आला का, जेवला का' वर यायला तुम्हाला एक संध्याकाळ लागली. मधे एकदा चुकलात, तर तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हणालात आणि पुढं बोलू लागलात. माफीचा मोठा सोहळा केला नाहीत, की मलाच तुमची समजूत काढावी लागेल. लहानपणी गावाला आजीकडं गेलो की मला मोकळं वाटायचं, कारण आपल्या वऱ्हाडीत बायाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. तिथं माझं 'मी जातो' कोणाला खटकत नसे. शाळेतल्या बाईंनी ते 'जाते' करून घेतलं. तुमच्या ओट्यावर ते मला परत मिळालं.

तुम्ही घाबरला होतात, हे मला माहीत आहे. मीही घाबरलो होतो. एकदा विचारलंही, की काकू, मी जन्मानं मिळालेलं नाकारतोय, हे पाप तर नाही ना? तुम्ही भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलंत. "माह्ये बाबा अठरा वर्षांचे होते तेव्हा, 14 ऑक्टोबर 1956 ले. दीक्षाभूमीवर उभं राहून 22 प्रतिज्ञा घेतल्या. जन्मानं मिळालेलंच वागवाचं असतं, तर मी नर्स झाली असती का?" दर विजयादशमीला तुम्ही पट्ट्यांची पेटी घेऊन तिथं बसता, दुरून चालत आलेल्यांच्या पायाचे फोड धुता. ते मी लहानपणापासून पाहत होतो. त्याचा अर्थ त्या दिवशी लागला.

आता तो दिवस, नव्या डॉक्टरांकडे जायचा. धंतोलीतल्या दवाखान्याचा तो हॉल, तीसेक माणसं, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. आधार कार्डावर जुनं नाव, म्हणून फाईलवरही जुनं. माझे केस कापलेले, अंगात चौकड्यांचा शर्ट, ओठांवर बारीक लव. दाराशी उभा असलेला माणूस एकेक नाव मोठ्यानं पुकारत होता. ज्याचं नाव येई तो उठे आणि सगळा हॉल त्याच्याकडं बघे.

या गोष्टीची भीती मी तुम्हाला सांगितली नव्हती. पाच रविवारांत, एवढ्या प्रश्नांत, हे एक राहूनच गेलं होतं. बँकेत, परीक्षेच्या केंद्रावर हे माझ्यासोबत झालं आहे. नाव पुकारतात, मी उठतो, समोरचा म्हणतो, "तू नाही, पोरीला पाठव." मग मान खाली घालून सांगायचं की तो मीच, आणि मग ते हसू, ते कुजबुजणं. मी मनाशी ठरवलं होतं, नाव आलं की उठायचं आणि सरळ बाहेर पडायचं. अजनीपर्यंत चालत जायचं. पुन्हा इकडं फिरकायचं नाही.

नाव आलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, पुढं 'कुमारी' लावून. माझे पाय जमिनीला चिकटले.

आणि तुम्ही उठलात. "हो, आले," म्हणालात, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं. पदर सावरलात, माझ्या मांडीवरची फाईल काखेत मारलीत आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "चाल बाबू, हात दे. मले आतपर्यंत सोड."

हॉलनं तुमच्याकडं पाहिलं. गुडघे दुखणारी एक म्हातारी आणि तिला धरून नेणारा तिचा पोरगा. एवढंच दिसलं त्यांना. कोणी पुन्हा वळूनही पाहिलं नाही. दाराशी त्या माणसानं कागदावरचं वय पाहिलं, तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिलात. तो बाजूला झाला. त्यालाही कळलं असावं. त्याचेही आभार.

ते नाव मी वीस वर्षं ओझ्यासारखं वाहिलं. ते तुम्ही वीस पावलं आपल्या अंगावर घेतलंत. आत शिरताना फाईल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तू जा. मी इथंच बसतो." डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू. मी माझं नाव सांगितलं. आवाज फुटला, कारण हात अजून तुमच्या हाताच्या घामानं ओला होता.

आतलं बाकी सगळं इथं सांगत नाही. ते वहीत आहे.

उन्हाळ्यात आपल्या नागपुरात लोक दारात माठ ठेवतात, वर झाकणी, शेजारी पेला. येणारा कोण, कुठला, कशाला आला, हे पाणपोईवर कोणी विचारत नाही. तहान लागली आहे एवढं पुरतं. मी पुष्कळदा विचार करतो, की एवढं साधं वागणं माणसांना केबिनमध्ये, काउंटरवर, शाळेत का जमू नये. मोठ्या पदव्या असलेल्यांना जमलं नाही. दारावर नाव पुकारणाऱ्या माणसाला जमलं. आईलाही आता जमू लागलं आहे. त्या दिवशी सकाळी तिनं दोघांसाठी डबा दिला, आपल्या दोघांसाठी, आणि विचारलं, "कधीपर्यंत येशील रे?" तो 'रे' तिच्या तोंडून आपोआप आला. मी जिन्यात थांबून तो पुन्हा पुन्हा मनात ऐकला. तुम्ही खाली ऑटो थांबवून ठेवला होता.

पुढची तारीख महिन्याभरानं आहे. छाती सपाट ठेवणारा बाइंडर तुम्ही सांगितलं तसाच वापरतो, आठ तासांच्या आत काढतो, झोपताना कधीच नाही. ती दोन क्रेप बँडेज धुऊन, वाळवून, तुमच्यासारखी घट्ट गुंडाळून ठेवली आहेत. विजयादशमीला दीक्षाभूमीवर कोणाचा तरी पाय मुरगळलेला असेल. तुमच्या पेटीत ती राहू द्या. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा पोरगा