वाडीचा घाट आठवला

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून हे सगळं लिहूनच काढतेय, आई तू चष्मा लाव आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखव. काल आम्ही बालीतली देवळं बघितली. अष्टविनायकाला जाताना होते तशी पळापळ अजिबात नाही केली, दिवसभरात फक्त तीन, सकाळी उबुदहून निघालो आणि दिवेलागणीला परत. आणि खरं सांगू का, पहिल्या देवळापासून मी तुमच्याच डोळ्यांनी बघत होते, पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला जागा कुठे.

गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हर हात जोडून म्हणाले ओम स्वस्तिअस्तु. इकडे भेटल्यावर असंच म्हणतात. बाबा, तुम्ही असता तर लगेच फोड केली असती, स्वस्ति अस्तु, कल्याण असो! त्यांना आम्ही दिवसभर ब्ली म्हणत होतो, म्हणजे दादा. समोर डॅशबोर्डवर नारळाच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी परडी होती, चनांग म्हणतात, आत फुलं, पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं आणि उत्तरेला निळं नाहीतर हिरवं, अशी दिशा बघून ठेवायची. दुकानाच्या दारात, फुटपाथवर, स्कूटरवरसुद्धा हीच परडी. आई, तुझी सकाळची फुलांची परडी आठवली गं.

पहिलं तीर्त एम्पुल. तीर्त म्हणजे आपलं तीर्थच. इसवी सन 962 च्या सुमाराचं देऊळ आहे, आणि मागच्या कुंडात जमिनीतून जिवंत झरा वर येतो, वाकून बघितलं तर तळाची काळी वाळू उकळल्यासारखी हलत असते, मी दहा मिनिटं तिथून हललेच नाही. तेच पाणी पुढे दगडी तोट्यांतून स्नानाच्या कुंडात पडतं. लोक कमरेला सारोंग गुंडाळून छातीएवढ्या पाण्यात रांगेने उभे, प्रत्येक धारेखाली हात जोडायचे, डोकं धरायचं, पुढच्या धारेकडे सरकायचं. त्यातल्या दोन धारा मात्र सोडतात, त्या मृतांच्या विधीसाठी आहेत. माझ्या पुढे एक बाई होत्या, त्यांच्या बरोबर त्यांची आई असावी, खूप म्हाताऱ्या, त्यांना धारेखाली उभं राहणं जमेना तर मुलीने ओंजळीत पाणी घेतलं आणि हळूच त्यांच्या टाळूवर सोडलं, परत घेतलं, परत सोडलं. आई, नरसोबाच्या वाडीला संगमावर तू आजीला असंच करायचीस. मी तिथे पाण्यात रडले, कोणाला कळलं नाही.

आतल्या अंगणात गेल्यावर तू पहिलं विचारलं असतंस की देव कुठाय. मूर्ती नाहीच! उंच दगडी सिंहासन, त्याला पद्मासन म्हणतात, खाली कासव आणि त्याला वेढलेले नाग, आणि वर बैठक रिकामी. सगळ्यांच्या वरचा जो देव, सांग ह्यांग विधी, त्याच्यासाठी ती जागा. पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडलं, ओले तांदूळ कपाळाला लावले. अक्षताच की! रिकाम्या सिंहासनापुढे बसताना आधी चमत्कारिक वाटलं, मग इतकं शांत वाटलं की उठवेना.

जवळच गुनुंग कावी आहे, डोंगरात कोरलेली अकराव्या शतकातली उंच स्मारकं, पण खाली जायला तीनशेच्या वर पायऱ्या, ते मी मुद्दाम सोडलं. तुमच्याशिवाय बघून काय करू.

तिथून निघालो तेव्हा बारा वाजले आणि रेडिओवर गायत्री मंत्र लागला. बाबा, आपलाच, तत्सवितुर्वरेण्यं! इकडे त्रिसंध्या करतात, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. चाल वेगळी, उच्चार जरा वेगळे, पण शब्द तेच. ब्लींनी आवाज मोठा केला आणि कोणीच बोललं नाही. मी रेकॉर्ड करून पाठवलाय, कानाचं मशीन लावून ऐका.

मग गोवा गजा. गोवा म्हणजे गुहा, आणि बालीच्या रानात हत्ती नाहीत तरी नाव गजाचं. दारावर मोठा राक्षसाचा चेहरा कोरलाय, त्याच्या तोंडातून आत शिरायचं, आत अंधार, डाव्या हाताला गणपती आणि उजवीकडे तीन लिंगं शेजारी शेजारी. आई, धुराने काळपट झालेला, झीज झालेला आपला गणपती. मी तुझ्या नावाने फूल वाहिलं. बाहेरचं कुंड तर 1954 मध्ये खोदून काढलं, तोवर मातीखाली होतं. थोड्या पायऱ्या आहेत, हळूहळू जमतील.

जेवण साधंच, भात, तोफू, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि आपल्या ठेच्यासारखा झणझणीत सांबल, बाबांना आवडेल.

शेवटचं तामान अयुन, हे तुमच्यासाठीच आहे असं समजा. मेंगवीच्या राजाने 1634 मध्ये बांधलेलं, भोवती पाण्याचा खंदक, सगळं सपाट. आतल्या अंगणात पाहुण्यांना सोडत नाहीत, बुटक्या भिंतीबाहेरून चक्कर मारायची आणि काळ्या शाकारणीची एकावर एक छपरं बघत बसायचं, छपरं नेहमी विषम संख्येत, अकरापर्यंत. झाडाखाली बसायला जागा आहे, मी बसून बघितली, आईच्या गुडघ्यांना एवढी उंची चालते.

बाबा, पासपोर्टचं काम या महिन्यात कराच. सिंगापूरला माझ्याकडे आठ दिवस राहा, मग तिथून अडीच तासांचं विमान, व्हिसा उतरल्यावर मिळतो. पाऊस नसतो तेव्हा, जून-जुलैत जाऊ. आई, कोरडी साडी वेगळ्या पिशवीत घे, स्नान केल्याशिवाय तू राहायची नाहीस.

तुमची,
ताई