अल्सर आणि प्रतिकारशक्ती

संपादक महोदय,

‘प्रतिकारशक्ती वाढवा, अल्सर आपोआप बरा होईल’ असे सुचवणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. जठरातल्या अनेक अल्सरांच्या, म्हणजे अस्तरावरच्या जखमांच्या, मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. याच शोधासाठी मार्शल आणि वॉरन या संशोधकांना २००५चे नोबेल मिळाले. संसर्ग झाल्यावर शरीर स्वस्थ बसत नाही. पांढऱ्या पेशी जठराच्या अस्तराकडे धाव घेतात, जिवाणूशी लढणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडेही तयार होतात. पण हा जिवाणू अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल निष्प्रभ करतो, चिकट श्लेष्माच्या थरात दडतो आणि उपचार न झाल्यास बहुधा जन्मभर टिकतो. उलट वर्षानुवर्षांच्या या झुंजीतली सूजच अस्तराचे नुकसान करते. मग काढ्यांनी नेमके काय वाढवायचे?

पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर ‘अ‍ॅसिडिटीची गोळी द्या’ म्हणणारे रोज भेटतात. त्या गोळीने जळजळ शमते, जिवाणू तिथेच राहतो. शिवाय यातल्या काही गोळ्यांमुळे जिवाणूच्या तपासणीचा निष्कर्षही चुकू शकतो. संसर्ग बरा झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात रेंगाळतात, त्यामुळे जिवाणू गेला की नाही हे रक्ततपासणीतून कळत नाही; त्यासाठी अँटिबायोटिक्सचा कोर्स पूर्ण झाल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी लागते. लेखात याचा उल्लेखही नव्हता.

— एक वाचक, कोथरूड, पुणे