चि. सईस पत्र : दोराच्या आत नको

नानाइमो, कॅनडा,
रविवार दुपार

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते जाऊ दे. वॉसला, त्या लाकूडतोडीच्या साइटवर, जाऊ नकोस असं मी म्हटलंच नव्हतं. 'चोकर लावायच्या कामावर घेतलंय', म्हणजे तोडलेल्या ओंडक्यांना पोलादी दोराचे फास अडकवायच्या, हे ऐकून मी गप्प झालो आणि तू त्याचा अर्थ नकार असा घेतलास. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. उपदेश करणार नाही. एक गोष्ट सांगतो आणि मग मशीनबद्दल लिहितो. तुमच्या साइटवर मॅडिल ००९, ओंडके दोराने ओढून आणणारं ते यार्डर मशीन, अजून चालू आहे हे ऐकून मला खरं तर बरं वाटलं होतं, तेवढं सांगायचंच राहिलं.

ती एक गोष्ट : बाइटमध्ये उभी राहू नकोस.

कोर्सच्या पुस्तकात त्या जागेवर लाल त्रिकोण छापलेला असतो. डोंगरावर कोणी रंग मारून ठेवत नाही. हॉलबॅक, म्हणजे परतीचा दोर, यार्डरच्या ड्रमवरून सुटतो, उताराच्या कडेने जातो, कोपऱ्यातल्या कप्पीतून वळतो, टेलब्लॉकला, म्हणजे टोकाच्या कप्पीला, वळसा घालतो आणि परत येऊन बट-रिगिंगला, म्हणजे चोकर टांगलेल्या जोडणीला, मिळतो. या फेऱ्याच्या आत आलेली सगळी जमीन म्हणजे बाइट. ताणलेला दोर सरळ व्हायची संधीच बघत असतो. कप्पीचा पट्टा तुटला किंवा ती ज्याला बांधलीय तो झाडाचा खुंट उपटला की तो जवळच्या वाटेने सरळ होतो आणि मधे जे असेल ते कापत जातो. आवाज नंतर येतो. पळून कोणी सुटत नाही, आधीच बाहेर असलेली माणसंच वाचतात.

टेलब्लॉकला दोर जवळजवळ पूर्ण उलटा फिरतो, त्यामुळे पट्ट्यावर आणि खुंटावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळणाऱ्या कोपऱ्यातल्या कप्पीवर तो सुमारे १.४ पट असतो. एक इंची, स्टीलच्या गाभ्याचा, चांगल्या प्रतीचा दोर साधारण ४६ टनांना तुटतो. त्याचा एक तृतीयांश, म्हणजे १५ टन, हा कामाचा भार धरायचा. आता अशा १५ टनी ताणावरच्या टेलब्लॉकचा हिशोब तूच कर : खुंटाला ३० टन. म्हणून दोर नवा आहे एवढं ऐकून निर्धास्त व्हायचं नाही. खुंट कसला आहे ते विचारायचं.

खुंटाची ताकद त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. २४ इंची खुंट १२ इंचीच्या दुप्पट नव्हे, चौपट धरतो. पूर्वी, पहिल्या तोडीच्या जंगलात, माणूस आडवा झोपेल एवढे डग्लस फरचे खुंट मिळायचे. आता दुसऱ्या पिढीचं जंगल तोडतात, खुंट बारीक, म्हणून दोन-तीन खुंट एकमेकांना मागे बांधून घ्यावे लागतात. हेमलॉकची मुळं वरवर पसरलेली असतात. पाऊस लागून राहिला की खालची माती सुटते आणि खुंट मुळांच्या चकतीसकट उचलला जातो. आधी मागच्या बाजूला जमिनीला चीर पडते, ती बोटभर रुंद असली तरी हुकटेंडरला, म्हणजे क्रूच्या मुकादमाला, सांगायचं. नवीन पोरगी काय सांगते, म्हणून हसले तर हसू देत.

चोकर लावायला आत जावं लागतंच, ते मला माहीत आहे. दोर थांबलेले असताना आत जायचं आणि काम झालं की बाहेर यायचं. घोटाळा बाहेर येताना होतो. सगळ्यांना घाई असते, दिवसाचे टर्न, म्हणजे ओंडक्यांच्या खेपा, मोजले जातात, आणि 'एवढं चालतं' म्हणून कोणीतरी चार पावलं अलीकडेच थांबतो. बाहेर म्हणजे टर्नच्या मागे आणि वरच्या अंगाला, ओंडक्याच्या लांबीपेक्षा लांब, तोंड टर्नकडे. बसायचं नाही, उभं राहायचं. खालच्या अंगाला कधीच नाही, कारण ओंडका सुटला की तो आणि त्याने हलवलेले दगड खालीच येतात. रिगिंग स्लिंगरने, म्हणजे चोकरवाल्यांच्या म्होरक्याने, डोकी मोजल्याशिवाय ओढायची शिटी द्यायची नसते. तो मोजत नसेल तर दुसरा क्रू बघ.

झालं बघ, उपदेश सुरू झाला. आता मशीनबद्दल लिहितो.

००९ चा मनोरा नळीचा, नव्वद फुटी, वाहनावर आडवा झोपवून नेतात आणि जागेवर उभा करतात. त्याच्या आधी झाडच मनोरा होतं. हाय-क्लायंबर पायाला आकडे लावून दीड-दोनशे फूट वर चढायचा, फांद्या साफ करत जायचा आणि शेंडा कापायचा. शेंडा पडला की उरलेलं खोड झोके घ्यायचं आणि हा वर पट्ट्याला लटकलेला. मग त्याच खोडाला कप्प्या आणि गाय-लाइन्स, म्हणजे आधाराचे दोर, टांगायचे. पोलादी मनोरे आले आणि ते कसब संपलं. कोणी हळहळतं, मी नाही.

त्याच्याही मागे जायचं तर डंकी. कॅलिफोर्नियात युरेकाला जॉन डोलबीअरने १८८१ मध्ये वाफेचं इंजिन, उभा बॉयलर आणि दोर गुंडाळायचं एक फिरतं रीळ असं यंत्र लाकडी घसरगाडीवर बसवलं. जागा बदलायची झाली की पुढच्या झाडाला दोर बांधून ते स्वतःलाच ओढत न्यायचं. दोर ओंडक्यापर्यंत परत न्यायला मात्र घोडा लागायचा. पुढे दुसरा ड्रम आला, त्यावर परतीचा दोर गुंडाळला आणि घोडा सुटला. म्हणजे हॉलबॅक. उत्पादन वाढलं, आणि माणसांच्या चारी बाजूंनी दोराचा फेरा पडला तो तेव्हापासूनच. बघ, डंकीपासून निघालो तरी तिथेच येऊन पोचलो.

आबा बल्लारशाच्या डेपोत होते तेव्हा आलापल्लीच्या जंगलात सागाचे ओंडके हत्ती ओढायचे, हे तू त्यांच्या तोंडून ऐकलंयस. हत्ती अंदाज घेतो, साखळी चुकीची बसली तर अडून राहतो, मग माहुताने कितीही डिवचलं तरी हलत नाही. ड्रमला हे कळत नाही. लिव्हर ओढला की तो ओढणार, समोर खुंट आडवा असो की माणूस. यार्डरवर बसलेल्याला धुक्यात तू दिसतही नसतेस, त्याला फक्त शिटी ऐकू येते. चालत्या दोरावर एक आखूड शिटी म्हणजे थांब. ती कोणीही द्यायची, नवशिक्यानेही. कमरेच्या पट्ट्यावरचा तो शिटीचा ट्रान्समीटर रोज सकाळी पहिल्या टर्नच्या आधी तपासायचा, जोडीची बॅटरी खिशात गरम ठेवायची. थंडीत बॅटरी मान टाकते.

आणि शिटी गेली तरी दोर थांबेलच असं नाही, हे कोर्समध्ये सांगत नाहीत. ड्रमचे फ्रिक्शन, म्हणजे क्लच, हवेवर चालतात. रात्रभरात हवेच्या टाकीत पाणी जमतं. ते सकाळी सोडलं नाही तर गोठतं, व्हॉल्व्ह अडकतो, आणि ऑपरेटरने हात काढला तरी फ्रिक्शन धरूनच राहतं. दोर ओढतच राहतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च तू सकाळी यार्डरपाशी थांबून टाकीचा कॉक उघडल्याचा फुस्स आवाज ऐकायचास. तुझं ते काम नाही, पण कान तुझेच आहेत. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल आलं तर तो चकचकीत होतो आणि घसरतो. उतारावर ओंडका खाली येत असताना हॉलबॅकचा ब्रेक घसरला तर दोर सैल पडून रिगिंग जमिनीवर आपटतं. ऑपरेटर 'आज ब्रेक जरा लांब जातोय' म्हणाला की त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट लांब उभं राहायचं.

इंजिन कुठलं आहे ते कळव. डेट्रॉइटचं दोन-स्ट्रोक ८व्ही-७१ असेल तर मला फोनवर दोन मिनिटं ऐकव, एवढंच मागतो. दर सिलिंडरला ७१ घनइंच, म्हणून ते नाव. दर फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो, त्यामुळे मशीन हळू चालत असलं तरी किंचाळत असल्यासारखं वाटतं. त्याची एक खोड : ब्लोअरचं सील गेलं की ते स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. मग हवेचा पडदा पाडावा लागतो. तो पडदा गंजून अडकला नाही ना, हे आठवड्याला एकदा कोणीतरी हाताने पाडून बघावं. तिथल्या मेकॅनिकला माझं नाव न सांगता विचार.

तुझ्या आय-स्प्लाइसचा, म्हणजे दोराच्या टोकाला विणलेल्या डोळ्याचा, फोटो मी सगळ्यांना दाखवला. पाल्डीच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला जुनी मंडळी भेटली, त्यांतल्या दोघांचे वडील मेयो सिंगच्या मिलमध्ये होते. त्यांनी फोटो मोठा करून टोकं बघितली आणि मान डोलावली. प्रत्येक लडीचे तीन टक्स, म्हणजे विणीचे फेरे, पूर्ण आहेत, टोकं ठोकून बसवली आहेत, दोराचा पीळ कुठे सुटलेला नाही. हे सगळं त्यांनीच सांगितलं, मी काही बोललो नाही. तुझ्या आईला विचार, घरी येईपर्यंत मी काय काय बोललो.

दोराचं एक राहिलं. एका पिळाच्या लांबीत आठातली एक तार तुटलेली दिसली की तो दोर उतरवायचा. तुटलेल्या तारांची टोकं, जॅगर, हातमोज्यातून आरपार जातात, तेव्हा दोर हातातून सरकत सरकत तपासू नकोस. चोकरच्या टोकाचा गोळा घंटेत, म्हणजे त्याच्या सरकत्या खोबणीत, पूर्ण बसला की ओढून बघ. आणि ओंडका अडकला तर? आधी थांब. ओढत राहिलं की ताण चढत जातो आणि सगळ्यात कमकुवत जागा सुटते. ती कुठे आहे हे आधी कोणालाच माहीत नसतं. दोर सैल करून घ्यायचा, वरच्या अंगाने जवळ जायचं, चोकर असा फिरवून लावायचा की ओढताना ओंडका गरगरून खुंटावरून निघेल. मग पुन्हा बाहेर, आधीच्या जागेपेक्षाही लांब. दहा मीटर लांब, सत्तर सेंटिमीटर जाड ओला ओंडका साडेतीन टनांच्या आसपास असतो आणि अडकलेला सुटतो तेव्हा तो सरळ येत नाही.

फार झालं ना? तुझ्या सीनियरपेक्षा जास्त बोलतोय मी. रागावू नकोस. तुला हे येत नाही म्हणून लिहीत नाहीये. तू हॉलबॅकच्या पट्ट्याचा भार मला परवा तोंडी सांगितलास, निखिलला अजून सांगता यायचा नाही. मला यार्डर आवडतात आणि तू त्यांच्या दोरांमध्ये जाणार आहेस. या दोन गोष्टी मला एकत्र नीट ठेवता येत नाहीत.

आता बरेच लोक ग्रॅपल यार्डरवर गेलेत, तिथे चोकर लावणारा लागतच नाही, ऑपरेटर वरून पंजा टाकतो. तीव्र उतारावर दोराने बांधलेली तोडणी यंत्रंही आली आहेत. वर्षभर काम केल्यावर ऑपरेटरच्या खुर्चीकडे बघ, एवढं सुचवतो. सुचवतोच फक्त. वॉसची रेल्वेसुद्धा २०१७ मध्ये बंद पडली, तुमची ००९ किती दिवस टिकेल कोण जाणे. ती विकायला निघाली तर मला आधी कळव. आईला यातलं सांगू नकोस.

बसने डबा पाठवलाय. जवसाची चटणी आहे, सांडगे आहेत, लोकरीचे मोजे आहेत. कॉर्क बूट तूच घे, दुकानात पाय घालून बघ, आणि खिळे झिजले की लगेच बदल, गुळगुळीत खिळ्यांनी ओल्या सालीवर पाय घसरतो. पँटची खालची दुमड कापून टाक, गॅलस, म्हणजे खांद्यावरचे पट्टे, लाव. अडकलं तर कापड फाटलं पाहिजे, तू ओढली जाता कामा नयेस.

काळजी घे. आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता.क. शनिवारी फोन नाही केलास तरी चालेल. टेलहोल्डच्या, म्हणजे टेलब्लॉक बांधलेल्या, खुंटाचा एक फोटो पाठव, मागच्या बाजूने, जमीन दिसेल असा. फोटो काढायला दोर थांबल्यावरच जा.