‘लक्ष कुठंय तुझं?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्किझोफ्रेनियावरचा लेख वाचला. विषय घेतलात याचं बरं वाटलं. पण जवळजवळ सगळा लेख भास आणि संशय यांवरच खर्ची पडला, आणि ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग त्यात दोनदा आला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिलं, तेव्हा त्यांना विचार आणि भावना यांचा सुटलेला सांधा म्हणायचा होता. एका देहात दोन माणसं नव्हेत. असो. ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

मला लिहायचंय ते लेखात न आलेल्या गोष्टीबद्दल. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. निदानाच्या वर्षभर आधी तो खोलीतल्या घड्याळाचा सेल काढून ठेवायचा. आम्ही घालायचो, तो पुन्हा काढायचा. जेवताना कुणाचा चमचा ताटावर वाजला की त्याचं वाक्य तिथंच तुटायचं. मग फ्रिजची घरघर सुरू झाली की मान तिकडे. आई चिडायची, “अरे, मी बोलतेय, लक्ष कुठंय तुझं?” पुढे औषधांनी जरा सावरल्यावर तो म्हणाला, “तुम्हाला घड्याळ थोड्या वेळानं ऐकू येईनासं होतं. मला ते दर वेळी नव्यानंच ऐकू यायचं.”

संशोधकांना ही तक्रार ठाऊक आहे. १९६१ मध्ये मॅकगी आणि चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचं म्हणणं ऐकून घेतलं, तेव्हा अनेकांनी हेच सांगितलं होतं: सगळंच एकदम आत येतं, नको ते बाहेर ठेवता येत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटानं ते मोजून दाखवलं. पद्धत अगदी साधी. कानात ‘टक्’ असा आवाज, अर्ध्या सेकंदानं तसाच दुसरा. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी एक छोटी लहर उमटते, तिला पी-५० म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत दुसऱ्या आवाजाला ही लहर बरीच लहान होते; ‘हे आत्ताच ऐकलं, सोडून दे’ असा तो हिशेब. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ती सरासरीनं कमी लहान होते. पन्नास मिलिसेकंदांत माणसाला ठरवून काही करता येत नाही. म्हणजे आम्ही ज्याला त्याचा हट्ट समजत होतो, तो इच्छाशक्तीचा प्रश्नच नव्हता.

आजार नसलेल्या भावंडांतही कधीकधी हा फरक दिसतो. (हे वाचल्यापासून मी स्वतःच्या घड्याळाकडे जरा संशयानं बघते.) सिगारेटमधल्या निकोटिननं ही गाळणी काही मिनिटांपुरती सुधारते असंही आढळलंय, आणि रुग्णांमधल्या जास्त धूम्रपानाचं हे एक कारण असावं, असा काही संशोधकांचा कयास आहे. यावरून कुणी सिगारेटला औषध समजू नये. त्याच धाग्यावर बेतलेल्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून हाती फारसं लागलेलं नाही.

आपल्या लेखात ‘मेंदूच्या तपासणीवरून निदान’ असा उल्लेख आहे. तो मात्र खटकला. वर सांगितलेला फरक गटागटांच्या सरासरीत दिसतो. एकट्या माणसाच्या आलेखावरून त्याला हा आजार आहे की नाही हे सांगता येत नाही. काही रुग्णांची लहर अगदी नेहमीसारखी असते, आणि असा फरक दुसऱ्या काही आजारांतही सापडतो. निदान आजही डॉक्टर बोलून, लक्षणं पाहूनच करतात. अशा एका वाक्यामुळे एखादं कुटुंब महिनोन्‌महिने तपासण्यांमागे धावेल आणि उपचार लांबतील.

आमच्याकडे आता भावाशी एका वेळी एकानंच बोलायचं असं ठरलंय. वाक्य आखूड, टीव्ही बंद, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा प्रश्न नाही. औषधं चालू आहेतच, ती सोडून यातलं काहीच चाललं नसतं. पण हे बारीकसारीक आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, चुकत चुकत कळलं. पुढच्या लेखात यावर दोन परिच्छेद आले तर बरं होईल. घड्याळ सध्या स्वयंपाकघरात आहे, सेलसकट.

आपली,
एक नियमित वाचक