बाळ डोक्यानं खाली आहे का पायाळू, हे घरात कुणाला माहीत असतं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या जत-आटपाडीकडं बोअर मारायची म्हटली की आधी पायाळू माणूस शोधतात, पाठीत उसण भरली की त्याचीच लाथ खातात. पण सुनेच्या पोटातलं बाळ पायाळू आहे का, ते विचारा, कुणालाच माहीत नसतं. सातव्या-आठव्या महिन्यात अचानक पाणमोट फुटली की सगळ्यांचा एकच प्रश्न, कळा येतायत का? नाही म्हटलं की मग पड जरा, सकाळी बघू.

मी आशा म्हणून काम करते त्यामुळं हे सारखं ऐकते. डोकं खाली असलं की ते कटीत बुचासारखं बसतं. पायाळू नाहीतर आडवं असलं की खाली जागा मोकळी राहते आणि पाण्याबरोबर नाळ घसरून बाहेर येऊ शकते, ती दबली की बाळाचा ऑक्सिजन तुटतो, मग खेळ मिनिटांचा असतो. त्यात 28 आठवड्याला चार-पाच बाळांत एक उलटं असतंच, दिवस भरेपर्यंत बहुतेक फिरतात, शंभरात तीन-चारच तशी राहतात. म्हणजे पाणी जेवढं लवकर जाईल तेवढा बाळ उलटं असायचा चान्स जास्त, आणि पाणी गेल्यावर त्याला फिरायलाही जागा उरत नाही. डोकं खाली असलं तरी दवाखान्यात जायचंच हो, इन्फेक्शनची भीती असतेच, बाळाची फुफ्फुसं तयार व्हायचं इंजेक्शनपण वेळेत मिळायला लागतं. पण बाळ आडवं असेल तर जिथं सिझर होतं तिथंच थेट जावं, आधी इथं मग तिथं करत बसू नये. उमदी-संखकडनं मिरज गाठायला दोन तास सहज जातात, विजापूर जवळ पडतं. आणि बाईला मोटरसायकलवर बसवून तर अजिबात नेऊ नका, 108 फुकट आहे, डाव्या कुशीवर झोपवा, कमरेखाली उशी घाला. नाळ दिसली तर आत ढकलायची नाही, बाईनं गुडघ्यावर ओणवं होऊन डोकं खाली, कंबर वर ठेवायची आणि गाडी येईपर्यंत तसंच राहायचं.

सोनोग्राफीत काही विचारायचं नसतं, कायदा आहे, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. अहो 1994 चा कायदा मुलगा का मुलगी सांगण्यावर आहे, बाळ कसं आहे हे बिनधास्त विचारा! रिपोर्टात लिहिलेलंच असतं, सेफॅलिक म्हणजे डोकं खाली, ब्रीच म्हणजे पायाळू, ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवं. फाईल कपाटात ठेवतात, वाचत कुणी नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. तिथं सातव्या महिन्यापासून बाळाची पोझिशन कार्डाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहावी आणि सासूला, नवऱ्याला बोलावून सांगावी, एवढं जिल्हा परिषदेनं करावं. खर्च एका पेनाचा आहे.

– एक आशा सेविका, ता. जत, जि. सांगली